चिंचवडचे कागद किती ठिकाणी?

चिंचवडच्या देव घराण्यावर इंग्रजीत एक बारकाईने लिहिलेला ग्रंथ आहे. लेखक लॉरेन्स प्रेस्टन, प्रकाशक केंब्रिज विद्यापीठ, साल १९८९. मोरया गोसावींपासून चालत आलेलं घराणं, त्यांना मिळालेली इनामगावं, पेशव्यांची त्यांच्यावरची श्रद्धा आणि १८१८ नंतर कंपनी सरकारने त्या इनामांची घेतलेली झाडाझडती, असा त्याचा विषय. पवनेच्या काठी समाधिमंदिर आहे, देवांचा वाडा आहे, भाद्रपदात आणि माघात मोरगावला पालखी निघते. पण या घराण्याचा इतिहास लिहायचा तर चिंचवडात बसून भागत नाही.

सनदा, ताकिदी, हिशेब आणि भाऊबंदकीचे कज्जे यांचा मोठा भाग पुण्याला पेशवे दप्तरात आहे. त्याला कारण आहे. १८५२ चा कायदा झाला आणि इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागायला सुरुवात केली. दाखवलेल्या कागदांच्या नकला, कैफियती, जबान्या, निकाल असं सगळं सरकारी रुमालांत बांधलं गेलं. त्यावर वरच्या साहेबांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात. त्यांच्या विलायतेला गेलेल्या प्रती लंडनला, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. शिवाय प्रवाशांनी लिहून ठेवलेलं वेगळंच. एडवर्ड मूर नावाच्या कॅप्टनने इथल्या ‘जित्या देवा’वर लिहिलेला लेख १८०१ च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये आहे. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही बाई देवांना पाहायला आली. तिने आपल्या रोजनिशीत गावाचं नाव ‘चिमचोर’ असं लिहिलं. आता चिंचवडच्या एखाद्या मुलाने संगणकावर गावाचं नाव टाकून शोध घेतला तर मारियाबाईंचं चिमचोर त्याला कुठून सापडणार?

मी निगडीच्या प्राधिकरणात राहते. नोकरी ग्रंथपालाची केली, निवृत्तीनंतर मोडी शिकले, आणि तेव्हापासून या पट्ट्यातले जुने कागद कुठे कुठे आहेत याच्या नोंदी करते आहे. पिंपरी-चिंचवडला इतिहास नाही, ही कारखान्यांभोवती वाढलेली वस्ती आहे, असं सहज म्हणणारे लोक मला सतत भेटतात, आणि दर वेळी मला तेवढंच वाईट वाटतं. इतिहास भरपूर आहे. तो इतक्या ठिकाणी विखुरला आहे, की एका जागी उभं राहून त्याची नुसती यादीही दिसत नाही.

दापोडीचं उदाहरण घ्या. आज दापोडी म्हटलं की लोकलचं स्टेशन, हॅरिस पूल, एस.टी.ची कार्यशाळा आणि सीएमईची भिंत डोळ्यांसमोर येते. पेशवाईच्या शेवटच्या काळात इथे कॅप्टन फोर्डचा बंगला होता. हा फोर्ड पेशव्यांच्या कवायती पलटणीचा सरदार. गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८ मध्ये ती जागा सरकारसाठी घेतली आणि तिथे मुंबई इलाख्याची वनस्पती बाग उभी राहिली. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर तिचा अधीक्षक होता. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. औषधी झाडं लावून बघणं, बिया आणि रोपं गावोगाव पाठवणं, कुठलं पीक इथल्या मातीत धरतं ते ताडणं, असं सगळं काम मुळा-पवनेच्या संगमाजवळ चालायचं. गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका देशी चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या झाडाझुडपांची रंगीत चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं. त्या चित्रकाराचं नाव कुणी नोंदून ठेवलेलं नाही. १८६५ मध्ये दापोडीचा बंगला विकला गेला, पैसा गणेशखिंडीच्या नव्या राजभवनाकडे वळला, आणि ही बाग इथल्या माणसांच्या आठवणीतून पुसली गेली.

चित्रं मात्र टिकली. ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी ती ओळखली, एकेका वनस्पतीचं नाव लावलं, गिब्सनचा इतिहास जोडला आणि २००२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आता विचार करा. चित्रं स्कॉटलंडमध्ये, बागेच्या खर्चाचा आणि बदल्यांचा पत्रव्यवहार मुंबईच्या अभिलेखागारात, बागेची जमीन आजच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत. तीन ठिकाणच्या याद्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. दापोडीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला आपल्या गावात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक मोठा चित्रकार बसून सीताफळाच्या जातीची झाडं रंगवत होता की आणखी कुठली, हे विचारावंसं तरी कसं वाटणार? आधी तो होता हे तिला कळायला हवं.

आमच्या घरातलाच दुसरा दाखला आहे. माझे वडील पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यात होते. त्याला पूर्ण नावाने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कुणी म्हणत नसे. आम्ही ‘एच.ए.’च म्हणायचो, कॉलनीही एच.ए. कॉलनीच. १९५४ मध्ये ही कंपनी नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं. यंत्रसामग्री युनिसेफने दिली, तंत्रज्ञ जागतिक आरोग्य संघटनेने पाठवले. बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध इथल्याच प्रयोगशाळेत सापडलं. स्वतंत्र भारताने सरकारी पैशातून औषध बनवण्याची जी वाट धरली, तिचं पहिलं मोठं पाऊल पिंपरीत पडलं. या कारखान्याचा इतिहास लिहायचा तर कागद चार शहरांत शोधावे लागतात: कंपनीचे पिंपरीत, मंत्रालयाचे दिल्लीत, आरोग्य संघटनेचे जिनिव्हात, युनिसेफचे न्यूयॉर्कमध्ये. आणि पाचवी जागा म्हणजे कॉलनीतून निवृत्त होऊन गेलेल्यांच्या ट्रंका. वडिलांच्या ट्रंकेत कारखान्याची स्मरणिका, पाळ्यांचे तक्ते, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिका निघाल्या. जिनिव्हाच्या फायलीत कराराचा मसुदा असेल, पण पहिल्या पिढीतली कुटुंबं इथे कशी रुजली हे त्या पत्रिकांतच आहे. दोन्ही एकाच गोष्टीची पानं आहेत, आणि एका पानाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

हा प्रश्न आपल्या थोरांना पडला नव्हता असं अजिबात नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून मराठी माणूस कागद शोधत वाड्यावाड्यांतून हिंडतो आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्याच ध्यासातून. त्या पिढीचा मुख्य मार्ग होता तो कागद मिळवण्याचा आणि छापण्याचा, कारण पेशवे दप्तर सरकारने संशोधकांना दुरूनच दाखवलं होतं आणि खासगी दप्तरं वाळवीच्या तोंडी होती. छापणं ही तेव्हा कागद वाचवण्याची एकमेव खात्रीची रीत होती. गो. स. सरदेसाई यांना अखेर दप्तराचं दार उघडून मिळालं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पण दप्तरातले रुमाल तीस हजारांच्या वर. पंचेचाळीस खंडांत मावलं ते त्यातलं ओंजळभर. म्हणूनच सरदेसायांनी कुठल्या विभागात काय आहे हे सांगणारी एक इंग्रजी पुस्तिकाही करून ठेवली. ४५ खंडांचं कौतुक सगळे करतात. मला ती पुस्तिका तितकीच मोलाची वाटते, कारण छापलेल्या कागदापलीकडे काय उरलं आहे हे तीच सांगते.

हे खंड निघू लागले त्याच वर्षी, १९३० मध्ये, पुण्यात आणखी एक काम झालं आणि माझ्या मते आजच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांच्या देखरेखीखाली शिवचरित्र कार्यालयाने ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ काढला. शिवकाळातली पत्रं मराठीत, फारसीत, इंग्रजीत, डचमध्ये, पोर्तुगीजमध्ये; काही इथे, काही परमुलखात. ती सगळी गोळा करणं कुणालाच शक्य नव्हतं. मग संपादकांनी काय केलं? प्रत्येक पत्राचं सार चार-सहा ओळींत मराठीत लिहिलं, तारीख लावली, मूळ कुठे आहे किंवा कुठे छापलं आहे त्याचा निर्देश केला आणि सगळं तारखेच्या क्रमाने ओळीत मांडलं. मूळ कागद जागचा हलला नाही. वाचकाला मात्र सगळी साधनं एका नजरेत आली.

चाकणचा वेढा आठवा. २१ जून १६६० ला शाइस्ताखानाने संग्रामदुर्गाला मोर्चे लावले, फिरंगोजी नरसाळ्याने भर पावसाळ्यात किल्ला झुंजवला, आणि ऑगस्टच्या मध्यात सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला. भुईकोट तो, डोंगराची मदत नाही, तरी पन्नासाहून अधिक दिवस टिकला. या एका वेढ्यासाठी आलमगीरनामा फारसीत वाचावा लागतो, बखरी मराठीत, कंपनीच्या वखारींची पत्रं इंग्रजीत. तीन भाषा एका माणसाला येणं अवघड. सारसंग्रहासारखी एक ओळ हाती असली की निदान कुठल्या दाराशी जायचं हे तरी कळतं.

पत्रसारसंग्रहानंतर तेरा वर्षांनी शंकर गणेश दाते यांनी हेच ग्रंथांसाठी केलं. १८०० ते १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची त्यांची सूची १९४३ मध्ये आली. एकट्या माणसाने ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथं घालून केलेलं काम. ग्रंथपालाच्या नोकरीत मी ती सूची इतकी वापरली आहे की तिच्याविषयी बोलताना मला कृतज्ञतेशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. पुस्तकांची ही सोय आपण केली. कागदपत्रांची मात्र केली नाही, आणि कारखान्यांच्या, गावांच्या, संघटनांच्या कागदांचा तर विचारही केला नाही.

बाहेरच्या देशांत हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९४५ पासून देशभरच्या दप्तरांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाऊ लागली. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९५९ पासून हस्तलिखित संग्रहांची एकत्र सूची करायला घेतली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश विद्यापीठांनी आपापल्या अभिलेखागारांची वर्णनं एकाच संकेतस्थळावर आणली. ते ‘आर्काइव्हज हब’ आजही चालू आहे. कागद ज्याच्या त्याच्या कपाटात, वर्णन सगळ्यांसमोर. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ सुरू केलं. घरबसल्या तिथल्या फायलींचा शोध घेता येतो, हे फार मोठं काम झालं. तरी ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या संग्रहाचं. निरनिराळ्या लहान-मोठ्या संस्थांची वर्णनं एकत्र शोधता यावीत असा मराठी मुलखाचा सामायिक दरवाजा अजून उघडायचा आहे.

सामायिक सेवेत टाकायचं वर्णन म्हणजे काय, हे सांगितलं की लोक आधी घाबरतात. त्यांना वाटतं हजारो कागद एकेक करून वाचावे लागणार. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने १९९४ मध्ये वर्णनाचा जो नमुना ठरवला, त्यात अगदी अटळ अशा सहाच नोंदी आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कागद कुणी निर्माण केले, कुठल्या काळातले, किती आहेत, आणि हे वर्णन एका कागदाचं आहे, फायलीचं आहे की सबंध संग्रहाचं. समजा भोसरीच्या एमआयडीसीत एक वर्कशॉप बंद पडलं आणि मालकाच्या मुलाकडे जॉब कार्डं, चलनवह्या, हजेरीपत्रकं आणि ड्रॉइंगच्या अमोनिया प्रिंट उरल्या. ‘अमुक वर्कशॉपची कागदपत्रं, १९७४ ते १९९६, अकरा खोकी, मालकाच्या घरी’ एवढी नोंद झाली तरी त्या वर्कशॉपचं अस्तित्व जगाला कळतं. मोठ्या कंपनीला सुटे भाग कोण पुरवायचं, दर काय मिळायचा, बिलं किती महिन्यांनी चुकती व्हायची, हे ज्याला अभ्यासायचं आहे तो त्या अकरा खोक्यांपर्यंत पोचतो. खोकी उघडून एकेका चलनाची यादी करायचं काम मागाहून, जमेल तेव्हा. आपल्याकडे हौशी माणसं पहिल्या कागदापासून सुरुवात करतात आणि दोनशेव्या कागदाशी थकतात. आधी गठ्ठ्याचं वर्णन करा, मग कागदाचं. हा क्रम पाळला तर पिंपरी-चिंचवडची पहिली नोंदवही व्हायला फार काळ लागणार नाही.

लहान संस्थेला याचा फायदा सगळ्यात जास्त. टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार २००१ पासून पुण्यात आहे, गोदरेजांचं विक्रोळीला आहे. त्यांच्याकडे माणसं आहेत, थंड खोल्या आहेत. कामगार संघटनेच्या कचेरीत काय असतं? एक गोदरेजचं कपाट, त्यात वेतन करार, गेट मीटिंगची पत्रकं, कामगार न्यायालयातल्या दाव्यांच्या प्रती. तिला स्वतःचं संकेतस्थळ चालवणं परवडत नाही. चालवलं तरी दोन वर्षांनी त्याचं नूतनीकरण कोण करणार? सामायिक सेवेत मात्र तिची सहा ओळींची नोंद आणि मोठ्या कंपनीच्या अभिलेखागाराची नोंद एकाच शोधात शेजारी शेजारी येतात. १९६० च्या दशकात टेल्कोने पिंपरीत पाय रोवले, बजाज आकुर्डीत आली, एसकेएफ, सँडविक अशा परदेशी भांडवलाच्या कंपन्या चिंचवड-दापोडीला आल्या. त्यांची गोष्ट व्यवस्थापनाच्या कागदांतून एक दिसते आणि संघटनेच्या कपाटातून दुसरी. दोन्ही नोंदी एकत्र दिसल्या तरच इतिहासकार दोन्हीकडे जाईल. नाहीतर ज्याच्याकडे यादी आहे त्याचाच इतिहास लिहिला जातो.

कार्यालयं बदलतात तेव्हा तर नोंदीवाचून गत नसते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या चार ग्रामपंचायती मिळून ४ मार्च १९७० ला नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका. १९९७ मध्ये आणखी गावं हद्दीत आली. प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीचं दप्तर उचलून कुठेतरी नेलं गेलं. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं, त्याने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन पेठा आखल्या. मी राहते ती पेठही त्यातलीच. २०२१ मध्ये ते प्राधिकरण बरखास्त होऊन त्याचं काम पीएमआरडीए आणि महापालिकेत विभागलं गेलं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी झगडणाऱ्या कुटुंबाला आजोबांच्या जमिनीचा निवाडा, ताबा पावती, मोजणीचा नकाशा हवा असतो. तो आता कुणाकडे? मला निघोज्याचे एक काका भेटले. त्यांची जमीन चाकणच्या औद्योगिक टप्प्यात गेलेली. पिशवीत सात-बारा, फेरफार, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. त्यांना एकच कागद मिळत नव्हता, आणि प्रत्येक कार्यालयात त्यांना दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं जात होतं. त्यांना कागदाची प्रतसुद्धा आज नको होती. तो आहे कुठे, एवढंच हवं होतं.

मुंबईच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. सरकारी कामात एकाच विषयाच्या प्रती खालच्या-वरच्या कार्यालयांत असतातच. वर्णनं सामायिक असतील तर जळालेल्या फायलीची दुसरी प्रत पुण्यात किंवा राजगुरुनगरात आहे का, हे त्याच दिवशी पाहता येतं.

२०२३ साली राज्याने एक अजब गोष्ट पाहिली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. कोतवाल बुकं, गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरं, खासरा पत्रकं. वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली, सापडलेल्या नोंदींची पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. माझं म्हणणं दप्तरापुरतं आहे. एवढी प्रचंड मेहनत एका शब्दाच्या शोधात झाली. रुमाल हातात आलाच होता, तर त्यात कुठल्या गावाची, कुठल्या सालाची, कुठल्या प्रकारची नोंदवही आहे ही ओळ त्याच वेळी लिहून सामायिक यादीत टाकली असती, तर साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्याला, घराण्याची वंशावळ शोधणाऱ्याला, बालमृत्यूंचा हिशेब मांडणाऱ्या डॉक्टरला तेच दप्तर पुन्हा धुंडाळावं लागलं नसतं. अजून वेळ गेलेली नाही. तेच रुमाल, तीच माणसं आहेत.

पुष्कळांना वाटतं, स्कॅन केलं की झालं. होत नाही. नुसत्या क्रमांकाच्या हजार पीडीएफ म्हणजे बंद खोलीच्या जागी बंद संगणक. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेत जुना फेरफार सापडतो तो गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट क्रमांक या तीन नोंदींमुळे. चित्रापेक्षा तिथे वर्णन काम करतं.

लोकांच्या मनातली भीती मी समजून घेते. कुणा अभ्यासकाला दिलेले कागद परत आले नाहीत, असं कितीतरी जुन्या घरांत ऐकायला मिळतं. कंपन्यांना वाटतं, फायलीचं नाव दिसलं की वकिलाची नोटीस येईल. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की वर्णन देणं म्हणजे कागद देणं नव्हे. नोंदीत ‘मालकाच्या परवानगीने पाहता येईल’ किंवा ‘अमुक सालापर्यंत बंद’ असं लिहिता येतं. कामगारांच्या आजारपणाच्या, शिस्तभंगाच्या फायली बंदच राहिल्या पाहिजेत, यात मला तीळमात्र शंका नाही. पण त्या आहेत एवढं तरी नोंदलं जावं. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त इंग्रज सरकारच्या दप्तरात बंदच होतं. दप्तर जपलं गेलं, नोंद राहिली, म्हणून स्वातंत्र्यानंतर ते छापता आलं आणि चिंचवडच्या त्या पोराचे स्वतःचे शब्द आपल्याला वाचायला मिळाले.

सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. खासगी कारखान्याला आणि घराला असा वर्ग लावून देणारं कुणी नाही. तिथे रद्दीचा भाव हाच नियम. १९६० च्या दशकात या पट्ट्यात नोकरीला लागलेली पिढी आज ऐंशी पार करते आहे. त्यांची घरं आवरली जात आहेत, भोसरीच्या ब्लॉकमधले गाळे विकले जात आहेत, आणि कागद दर आठवड्याला किलोवर जात आहेत.

महापालिकेला ११ ऑक्टोबर २०३२ ला पन्नास वर्षं होतील. सुवर्णमहोत्सवात कमानी आणि रोषणाई होईलच. माझी महापालिकेला, एमआयडीसीला, इथल्या महाविद्यालयांना आणि उद्योजकांच्या संघटनांना विनंती आहे की त्याआधी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कागदपत्रांची एक सामायिक ऑनलाइन सूची सुरू करावी, आणि ती मराठीत असावी. दापोडी आणि इंग्रजी कागदांतली ‘दापुरी’, चिंचवड आणि ‘चिमचोर’, टेल्को आणि टाटा मोटर्स या जोड्या तिने एकमेकींशी बांधून द्याव्यात. आणि तुम्ही, जे एच.ए.त होता, टेल्कोत होता, एखाद्या गाळ्यात लेथवर उभे होता, किंवा ज्यांच्या आजोबांची जमीन या कारखान्यांखाली गेली, त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी वहीच्या एका पानावर लिहून काढा: काय आहे, कुणाचं आहे, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, किती आहे, आणि कुठे ठेवलं आहे. ते पान जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा.